वाचनालयाच्या प्रोग्रामने ११,४०६ नोंदी पुसल्या. बग सापडलाय, दुरुस्ती तपासून द्या

बुरुजावरून

मंडळी, मोठं लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा आणि जिथे चुकतंय तिथे स्पष्ट सांगा, कारण हे परत होऊन चालणार नाही.

सातारा जिल्ह्यात आमच्या गावी एक जुनं वाचनालय आहे. २०१९ मध्ये मी त्यांना पुस्तकांची यादी, सभासद आणि रोजची देवघेव सांभाळणारा छोटा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहून दिला. सगळा डेटा एकाच जेसन फाइलमध्ये, म्हणजे कंस आणि नावं वापरून मांडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ग्रंथपाल काकांनी दाखल रजिस्टर समोर ठेवून दोन उन्हाळे बसून एकेक नोंद स्वतः टाइप केली, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट, सगळं मराठीत. तेव्हापासून प्रोग्राम रोज चालू होता आणि कधी कुरकुर नाही.

गेल्या महिन्यात मी एक छोटा बदल केला. पायथन जेसन लिहिताना देवनागरी अक्षर जसंच्या तसं लिहीत नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार आकडे-अक्षरं असा कोड टाकतं. काका म्हणायचे की फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर काहीच वाचता येत नाही. म्हणून मी 'एन्शुअर आस्की' (फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडेच लिहा) हा पर्याय बंद केला. एका अक्षराला ६ बाइटऐवजी ३ लागायला लागले, फाइल जवळजवळ निम्मी झाली, मराठी मराठीसारखं दिसायला लागलं. माझ्या मशीनवर लिनक्स आहे, तिथे सगळं नीट. मग व्हर्च्युअल मशीनमधल्या (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमधल्या) विंडोजवर एक्झी, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रामची फाइल, बांधली, उघडून पाहिली, 'टेस्ट' नावाचं एक पुस्तक टाकून सेव्ह केलं, झालं, आणि काकांना पाठवून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "अरे, यादीत एकही पुस्तक दिसत नाही."

फाइल मागवली तर आकार ४५ बाइट. सुरुवातीचा महिरपी कंस, व्हर्जनचा आकडा, पुस्तकांच्या यादीची इंग्रजी की (म्हणजे रकान्याचं नाव), पहिल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक १, त्यापुढे नाव या शब्दाची की आणि कोलन. तिथेच संपलं. जिथे पहिलं मराठी अक्षर यायला हवं होतं बरोबर तिथे.

म्हणजे काय झालं बघा. फाइल उघडताना मी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी लिहायची ती पद्धत, सांगितलंच नव्हतं. लिनक्सवर ते आपोआप युटीएफ-८ धरलं जातं, ज्यात सगळ्या लिप्या बसतात. काकांच्या विंडोजवर ते धरलं गेलं सीपी-१२५२, ज्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. आणि फाइल लिहिण्यासाठी उघडली की त्या क्षणी जुना मजकूर रिकामा होतो, नवीन काही लिहिलं जायच्या आधीच. त्यामुळे आधी जुनं गेलं, मग ४५ बाइट लिहून झाले आणि मग पहिल्याच मराठी अक्षराला एरर. ती एरर कोणाला दिसली नाही कारण सेव्हच्या भोवती मी 'काहीही चुकलं तरी गप्प पुढे जा' असा एक्सेप्ट लिहून ठेवला होता. तो नसता तरी खिडकीवाल्या एक्झीला कन्सोल नसतो, म्हणजे एरर छापली जाणार तरी कुठे.

पण खरा घात याच्या पुढचा. स्क्रीनवर पुस्तकं दिसतच होती, कारण मेमरीत डेटा शाबूत होता. संध्याकाळी काकांनी प्रोग्राम बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडला, तेव्हा प्रोग्रामने शिरस्त्याप्रमाणे आधी डेटा फाइलची कॉपी बॅकअप फाइलवर टाकली, म्हणजे चांगल्या बॅकअपवर ४५ बाइटची फाइल बसली. मग फाइल वाचायचा प्रयत्न केला, वाचता आली नाही, तर माझा कोड म्हणतो ठीक आहे, यादी रिकामी आहे असं समजू. वाचता न येणं आणि रिकामं असणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच धरल्या होत्या. आठ दिवस झाले, माझ्या डोक्यातून हे जात नाहीये.

काकांना सांगितलं की मशीन बंद करा आणि चालू करू नका. मी एसटीने जाऊन डिस्क काढून पुण्याला आणली. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही. त्यावर थेट काहीही न करता डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने आधी पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घेतली आणि मग त्या इमेजमध्ये दाखल क्रमांकाची इंग्रजी की शोधली. जुन्या फाइली आस्कीत असल्यामुळे साध्या ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) सापडल्या, वेगवेगळ्या दिवशीच्या चार जुन्या आवृत्त्या डिस्कवर विखुरलेल्या मिळाल्या. त्यांचे तुकडे जोडून ११,१९४ नोंदी परत आल्या. २१२ नोंदी मिळत नाहीयेत. देवघेव शेवटच्या तीन आठवड्यांची गेली.

आता दुरुस्ती अशी ठरवलीय: एन्कोडिंग स्पष्ट युटीएफ-८. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी बसवायचं. गप्प बसणारे एक्सेप्ट सगळे काढायचे. एवढं पुरेल का? आणखी काय सुटतंय?

चिंचगूळ

बाकी सगळं नंतर. हा प्रोग्राम आणखी कोणाला दिलाय का? दिला असेल तर हे वाचता वाचता फोन उचला.

बुरुजावरून

हो, आणखी दोन वाचनालयांत आहे. एकाने नवीन एक्झी टाकलेलीच नाही. दुसऱ्यांना आत्ता लावतो.

बुरुजावरून

लावला. त्यांनी आजच सकाळी नवीन एक्झी टाकली होती, दुपारी दोन पुस्तकं देवघेवीत टाकली आणि प्रोग्राम अजून उघडाच होता. म्हणजे डेटा फाइल गेली होती, पण बॅकअप शाबूत होता, आणि तो उद्या सकाळी प्रोग्राम उघडताना गेला असता. त्यांना फोनवरच फोल्डर उघडायला लावून बॅकअपची फाइल पेन ड्राइव्हवर आणि मेलवर अशी दोन ठिकाणी घ्यायला सांगितली, आकार विचारला, ३ एमबीच्या वर आहे. त्यानंतरच प्रोग्राम बंद करायला सांगितला. चिंचगूळ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही, मी इथे कोड दुरुस्त करत बसलो होतो आणि तिकडे हे चाललं होतं.

चिंचगूळ

आभार कसले. अशा वेळी क्रम असाच ठेवायचा, आधी इतरांचं वाहतं पाणी थांबवायचं आणि मग पाइप. जुनी एक्झी परत पाठवा सगळ्यांना, नवीन तयार होईपर्यंत तीच वापरू दे, ती निदान आस्कीत लिहिते.

डिस्कचं तुम्ही नीट केलंत. लोकं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करतात आणि तिथेच त्यांचा मजकूर मिटतो. आणि हे सगळं जुन्या डिस्कमुळे जमलं, एसएसडी असती तर ट्रिम या तिच्या सफाईच्या सोयीमुळे मोकळे झालेले ब्लॉक्स बहुतेक साफ झाले असते आणि ग्रेपला काहीच मिळालं नसतं. दुसरं, त्या मशीनवर सिस्टिम रिस्टोअर चालू होतं का बघा. चालू असेल तर शॅडो कॉपीत (विंडोज आपोआप ठेवतं त्या जुन्या प्रतीत) जुनी फाइल असू शकते, इमेजमधूनच काढता येते.

बुरुजावरून

बघितलं, बंद होतं. जागा कमी म्हणून कोणीतरी बंद केलेलं दिसतंय.

निळी शाई

मी विंडोजवरच काम करते म्हणून एन्कोडिंगबद्दल लिहिते. हा खड्डा पायथनवाल्यांना माहीत असलेला आहे. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की मशीनच्या लोकेलप्रमाणे (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे) ठरतं आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते सीपी-१२५२ असतं. ३.७ पासून युटीएफ-८ मोड आहे, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून चालू करता येतो, आणि ३.१५ मध्ये युटीएफ-८ हाच डीफॉल्ट करायचं ठरलेलं आहे. पण त्याच्या भरवशावर राहू नका, प्रत्येक ओपनमध्ये हाताने लिहा. कुठे कुठे राहिलंय ते शोधायला ३.१० पासून एक स्विच आहे, 'एक्स वॉर्न डीफॉल्ट एन्कोडिंग', तो लावून प्रोग्राम चालवा, जिथे एन्कोडिंग सांगितलेलं नाही ती प्रत्येक ओळ वॉर्निंगमध्ये येते. लिनक्सवर बसूनही सापडतं, विंडोज लागत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणालात की काका फाइल नोटपॅडमध्ये उघडतात. नुसती उघडली तर ठीक. पण सेव्ह केली तर? जुन्या विंडोजचा नोटपॅड युटीएफ-८ म्हटलं की सुरुवातीला बॉम नावाचे तीन बाइट चिकटवतो, विंडोज १० च्या १९०३ पासून बॉमशिवाय सेव्ह करणं डीफॉल्ट झालं. तो बॉम असला की पायथनचं जेसन वाचायला नकार देतं. तुमच्या जुन्या कोडप्रमाणे वाचता आलं नाही म्हणजे यादी रिकामी, म्हणजे काकांनी जुन्या नोटपॅडमध्ये युटीएफ-८ निवडून सेव्ह केलं असतं तरी हाच प्रकार झाला असता, तुमच्या बदलाशिवाय. वाचताना 'युटीएफ-८-सिग' वापरा, बॉम असला तरी आणि नसला तरी चालतं.

आणि 'रिकामं समजू' याबद्दल. २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं १८०९ अपडेट आलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स फोल्डरमधल्या फाइली गायब झाल्या. ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले होते पण काही फाइली मूळ जागी राहिल्या होत्या, त्यांचे. अपडेटला वाटलं की मूळ जागचा फोल्डर म्हणजे उरलेला रिकामा डुप्लिकेट, आणि तो काढून टाकला. आत काही आहे का हे न बघता. ६ तारखेला मायक्रोसॉफ्टला अपडेट थांबवावं लागलं आणि ते परत आलं १३ नोव्हेंबरला. एवढ्या मोठ्या टीमकडून जे झालं तेच तुमच्याकडून झालं, म्हणून स्वतःला फार खाऊ नका, पण लोडरचा, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडचा, तो भाग मात्र सगळ्यात आधी बदला, एन्कोडिंगच्याही आधी.

रातकिडा

निळी शाईशी पूर्ण सहमत. आता लिहिण्याच्या बाजूचं.

तात्पुरती फाइल आणि मग नाव बदलणं बरोबर आहे पण त्यात चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं म्हणजे तात्पुरती फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये करा. सिस्टिमच्या टेंप फोल्डरमध्ये केली आणि डेटा डी ड्राइव्हवर असला तर नाव बदलणं जमतच नाही, आणि मग कोणीतरी पायथनच्या शटिलचं मूव्ह वापरतो, ते दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करतं, म्हणजे परत अर्ध्यात तुटायची सोय. पायथनमध्ये ओएस डॉट रिप्लेस वापरा, रीनेम नको, विंडोजवर जुनी फाइल आधीच असली तर रीनेम एरर देतं. लोकं मग 'आधी जुनी डिलीट करू आणि मग रीनेम करू' असं लिहितात आणि त्या दोन ओळींच्या मध्ये वीज गेली की संपलं.

दुसरं एफसिंक, म्हणजे मजकूर आत्ताच्या आत्ता डिस्कवर टाकायला लावणं. हे सोडू नका. २००९ मध्ये लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) नवीन होती तेव्हा उबुंटू ९.०४ च्या चाचणी आवृत्तीवर लोकांच्या केडीई आणि नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली मशीन क्रॅश झाल्यावर शून्य बाइटच्या व्हायला लागल्या. ईएक्सटी-३ साधारण दर ५ सेकंदांनी डिस्कवर टाकायची म्हणून कोणाला सवय नव्हती, ईएक्सटी-४ डेटाची जागा ठरवणं लांबवते त्यामुळे मधला धोक्याचा वेळ अर्ध्या मिनिटाच्याही पुढे गेला. नाव बदललेलं डिस्कवर पोचलं होतं आणि आतला मजकूर पोचला नव्हता! ईएक्सटी-४ सांभाळणाऱ्या टेड त्सो यांचं म्हणणं होतं की अ‍ॅप्लिकेशनने एफसिंक केलं नाही तर फाइलसिस्टिमने हमी दिलेलीच नाही. मोठा वाद झाला, शेवटी लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या २.६.३० मध्ये नाव बदलण्याच्या या पद्धतीसाठी खास सोय घातली गेली. पण सोय म्हणजे हमी नाही.

तिसरं, आधी पूर्ण मजकूर मेमरीत तयार करा, स्ट्रिंग करा, युटीएफ-८ मध्ये बाइट्स करा, आणि ते सगळं निर्विघ्न झालं की मगच डिस्कला हात लावा. तुमच्या केसमध्ये एवढं एकच केलं असतं तरी एरर मेमरीत आली असती आणि फाइलला धक्का लागला नसता.

चौथं विंडोजचं आहे. अँटीव्हायरस किंवा इंडेक्सर नेमकी तीच फाइल उघडून बसला असेल तर रिप्लेसला परवानगी नाकारली जाते. थोडं थांबून पाच-सहा वेळा प्रयत्न करा, तरी नाही झालं तर सेव्ह झालं नाही असं मोठ्या अक्षरात सांगा आणि तात्पुरती फाइल पुसू नका, त्या क्षणी सगळ्यात ताजा डेटा तिच्यातच असतो.

मधली सुट्टी

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतो. फाइल क्लोज केली की ती डिस्कवर गेलेली नसते का? आम्हाला तरी असंच शिकवलंय की क्लोज करायला विसरू नका म्हणजे सेव्ह होतं.

रातकिडा

बाळबोध अजिबात नाही, कित्येक वर्षं काम करणारेही यात गडबडतात. तीन टप्पे असतात. तू राइट म्हणतोस तेव्हा मजकूर पायथनच्या स्वतःच्या बफरमध्ये जातो. फ्लश किंवा क्लोज केलंस की तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत जातो. इथपर्यंत आल्यावर दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामने फाइल उघडली तर त्याला नवीन मजकूरच दिसतो, त्यामुळे आपल्याला वाटतं झालं. पण प्रत्यक्ष डिस्कवर कधी टाकायचा ते ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या सवडीने ठरवते. एफसिंक म्हणजे 'आत्ता टाक, आणि टाकून झाल्यावरच मला परत ये'. आधी फ्लश, मग एफसिंक, मग क्लोज, मग रिप्लेस. विंडोजवर पायथनचं तेच एफसिंक आतून विंडोजचं 'फ्लश फाइल बफर्स' बोलावतं. मॅकवर मात्र साधं एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच पोचवतं, तिथे त्याच्या पलीकडचं फुलएफसिंक वेगळं मागावं लागतं. लिनक्सवर रिप्लेसनंतर फोल्डरलाही एफसिंक करावं, कारण फाइलचं नाव फोल्डरमध्ये लिहिलेलं असतं.

मधली सुट्टी

आत्ता कळलं. धन्यवाद दादा.

पायवाट

माझं मत वेगळं आहे आणि रोखठोक सांगते. हे सगळं तुम्ही हाताने का करताय? एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस वापरा. पायथनसोबत २.५ पासून येतं, वेगळं काही बसवायला नको. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एका वेळचा बदल, एकतर पूर्ण होते किंवा होत नाही, वीज गेली तर पुढच्या वेळी उघडताना जर्नल (चालू बदलाची नोंदवही) बघून स्वतःच मागे जातं. टेंप फाइल, एफसिंक, रिप्लेस हे सगळं त्यांनी आधीच करून, तोडून-मोडून तपासून ठेवलंय. तुम्ही एका पुस्तकाच्या देवघेवीसाठी अकरा हजार नोंदी परत लिहिता, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा सगळं वाचनालय डावाला लावता. एसक्यूलाइटमध्ये एका ओळीपुरतीच हालचाल होते.

बुरुजावरून

पायवाट, 'सगळं वाचनालय डावाला लावता' हे अगदी खरं आहे, मी असा विचार कधी केलाच नव्हता. जेसन ठेवलं कारण काकांना फाइल डोळ्यांनी बघता यावी, उद्या मी नसलो तरी कोणालाही ती उघडता यावी. पण ते काम एक्सपोर्टही करू शकतं. एसक्यूलाइटकडे जायचं हे मनाशी नक्की झालंय. फक्त आज वाचनालय बंद आहे आणि घाईत पूर्ण साठवणच बदलली तर नवीन चुका होतील. म्हणून आधी जेसनचीच दुरुस्ती करून त्यांना चालू करून देतो आणि मग महिनाभर दोन्ही समांतर चालवतो, चालेल?

पायवाट

चालेल, क्रम योग्य आहे. समांतर चालवाल तेव्हा एसक्यूलाइटची फाइल चालू असताना एक्सप्लोररमधून नुसती कॉपी करू नका, मध्येच ट्रान्झॅक्शन असेल तर कॉपी बिघडलेली निघते. पायथन ३.७ पासून कनेक्शनला बॅकअप नावाची मेथड आहे, ती वापरा. आणि नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये तर ठेवूच नका.

आजोळ

मी एका सार्वजनिक वाचनालयात २२ वर्षं ग्रंथपाल आहे. कोडमधलं मला कळत नाही पण धागा पूर्ण वाचला, कारण तुमच्या काकांच्या जागी मी स्वतःला बघितलं.

तुमच्या २१२ नोंदी गेलेल्या नाहीत. त्या दाखल रजिस्टरमध्ये आहेत. काकांना विचारा, ते रजिस्टर लिहिणं त्यांनी कॉम्प्युटर आल्यावर थांबवलं तर नाही ना? आमच्या भागात कित्येकांनी थांबवलं. मी थांबवलेलं नाही, पुस्तक आलं की आधी रजिस्टरला शाईने नोंद, मग कॉम्प्युटर. तपासणीला माणसं येतात तेव्हा तेच मागतात. देवघेवीचं म्हणाल तर तीन आठवड्यांत गेलेली पुस्तकं परत येतीलच, सभासद आणून देतील तेव्हा जमा करून घ्या आणि जी महिनाभरात येणार नाहीत त्यांच्यासाठी कपाटाची पडताळणी करा. आपली माणसं पुस्तकं बुडवत नाहीत हो, निदान खेडेगावात तरी नाही.

आता एक सूचना. पुस्तक फाटलं, हरवलं, जुनं झालं की आपण निर्लेखन करतो. तेव्हा रजिस्टरमधली ओळ आपण खोडत नाही, शेऱ्याच्या रकान्यात 'बाद' लिहून तारीख आणि ठरावाचा क्रमांक टाकतो. दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीच देत नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये पुस्तक काढून टाकायचं बटण आहे का? असेल तर ते का आहे? वाचनालयात नोंद कमी होत नसते, ती फक्त वाढते.

निळी शाई

आजोळताई, तुम्ही कोडमधलं कळत नाही म्हणालात आणि धाग्यातला सगळ्यात उपयोगी नियम दिलात. नोंदी फक्त वाढतात. म्हणजे सेव्ह करताना नवीन फाइलमधली संख्या जुन्या फाइलपेक्षा एकानेही कमी असेल तर ती चूकच आहे, सेव्ह नाकारायचं. मी सुचवणार होते की ५० पेक्षा जास्त कमी झाल्या तर विचारा, पण यापुढे तसल्या अंदाजाची गरजच नाही.

बुरुजावरून

ताई, डिलीटचं बटण आहे. मीच दिलं होतं, कारण इतर सगळ्या प्रोग्राममध्ये असतं. आज काढलं. त्याजागी 'बाद' आणि त्यासोबत तारीख, ठराव क्रमांक, शेरा हे रकाने घातले. काकांना विचारलं, रजिस्टर चालू आहे, एकही दिवस थांबवलेलं नाही. फोनवर ते म्हणाले, "अरे ते कसं थांबवीन." तुमचा निरोप त्यांना वाचून दाखवला.

आता सेव्ह असं चालतं: मेमरीत पूर्ण मजकूर बनवायचा, बाइट्स करायचे, जुन्या संख्येशी तुलना, त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल, फ्लश, एफसिंक, क्लोज, मग ती फाइल परत वाचून नोंदी मोजायच्या, जुळल्या तरच रिप्लेस. लोडरला तीनच वाटा ठेवल्या. फाइल नाहीच आणि बॅकअपचा फोल्डरही रिकामा, म्हणजे खरंच नवीन बसवलंय, तर रिकामी यादी. फाइल आहे आणि वाचता आली, तर पुढे. बाकी काहीही असलं तर प्रोग्राम थांबतो, मराठीत संदेश दाखवतो की फाइल वाचता येत नाही, काहीही करू नका, मला फोन करा, आणि कुठल्याच फाइलला हात लावत नाही. बॅकअप आता लोड यशस्वी झाल्यावरच होतो, तारीख-वेळेच्या नावाने नवीन फाइल, जुन्यावर लिहिणं बंद. रोजची एक याप्रमाणे वर्षाचे साडेतीनशे बॅकअप झाले तरी १ जीबीच्या आसपास जातात, त्या डिस्कवर तेवढी जागा आहे.

चाचणीसाठी सेव्ह चालू असताना टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम ३० वेळा मारला, प्रत्येक वेळी जुनी किंवा नवीन फाइल पूर्ण मिळाली.

रातकिडा

छान, पण त्या चाचणीत एफसिंकची परीक्षा झालेली नाही. प्रोग्राम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते, तिच्या मेमरीत गेलेलं ती नंतर आरामात डिस्कवर टाकते. एफसिंकची ओळ काढून टाकलीत तरी ती चाचणी पास होईल, करून बघा. व्हर्च्युअल मशीन घ्या, सेव्हच्या मध्येच शटडाउन न करता थेट पॉवर ऑफ करा. गावात वीज जाते तेव्हा तेच होतं.

चिंचगूळ

आणि बॅकअप त्याच डिस्कवर साडेतीनशे असले तरी डिस्क गेली की साडेतीनशेही गेले. आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्ह, दोन पेन ड्राइव्ह आलटून पालटून, त्यातली एक काकांच्या घरी. इंटरनेट बरं असेल तर गूगल ड्राइव्हवरही टाका, तिथे अशा फाइलच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. फक्त सिंकवर विसंबू नका, सिंक ४५ बाइटची फाइलही तितक्याच तत्परतेने वर नेतं. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडचं मिरर लावणार असाल तर तेही नको, इकडे नसलेली फाइल ते तिकडूनही पुसतं.

बुरुजावरून

रातकिडा, तुमचं बरोबर निघालं. एफसिंक काढून पॉवर ऑफ केलं तर २० पैकी ३ वेळा नवीन फाइल योग्य आकाराची पण आतला प्रत्येक बाइट शून्य, मजकूर काहीच नाही. एफसिंकसह २० पैकी २० वेळा ठीक. डोळ्यांनी बघितल्यावर पटलं ते नुसतं वाचून पटलं नसतं.

बुरुजावरून

शेवटचं कळवतो. शनिवारी गावी जाऊन नवीन डिस्क, नवीन एक्झी आणि ११,१९४ नोंदी बसवल्या. उरलेल्या २१२ साठी मी लॅपटॉप घेऊनच गेलो होतो, पण पोचलो तर गावातली अकरावी-बारावीची चार मुलं काकांनी आधीच बोलावून ठेवलेली. एकजण रजिस्टर वाचायचा, एकजण टाइप करायची, बाकीचे दोघं कपाटातून ते पुस्तक काढून किंमत आणि आवृत्ती ताडून बघायचे. दोन संध्याकाळी लागल्या. ताडताना चार पुस्तकांच्या जुन्या नोंदीतल्या चुकाही सापडल्या, त्या दुरुस्त केल्या. देवघेवीतली ३१ पुस्तकं सभासदांनी निरोप मिळताच आणून दाखवली.

दोन्ही पेन ड्राइव्हवर काकांनी स्वतः चिकटपट्टी लावून 'सोम' आणि 'गुरु' लिहिलंय, म्हणजे आठवड्यातून दोनदा घेणार. दुसऱ्या वाचनालयालाही नवीन एक्झी दिली. तिसऱ्यांकडे विंडोज ७ आहे आणि पायथन ३.९ पासून पुढचं त्यावर चालत नाही, त्यांच्यासाठी ३.८ वर वेगळी बांधतोय.

आज सकाळी काकांनी दाखल क्रमांक ११,४०७ टाकला. मी फाइल मागवून लगेच उघडली. नाव, लेखक, प्रकाशक, सगळं मराठीत जसंच्या तसं आहे, आणि त्याखाली कंस बंद झालेला आहे.